ओरखडे पडलेल्या गेम डिस्क, जुन्या व्हीसीडी आणि घरगुती उपाय: तुम्ही स्वतः काय करून पाहिलंत?

पोफळीबाग

नमस्कार मंडळी,

गणपतीआधीच्या साफसफाईत माळ्यावर बुटाचं एक खोकं सापडलं. त्यात आमचा जुना, जाडा प्लेस्टेशन टू आणि त्याच्या अकरा डिस्क होत्या. खाली पिशवीत गुंडाळलेली बाबांच्या एकसष्टीची व्हीसीडी होती. २००४ साली गावातल्या व्हिडिओवाल्याने करून दिलेली. बाबा २०११ मध्ये गेले. त्यांचा आवाज असलेली घरात ही एकच वस्तू आहे.

प्लेस्टेशन सुरू झाला. अकरांपैकी तीन डिस्क नीट चालतात. मी आणि धाकटा भाऊ ज्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवर दोन मे महिने घालवले, ती डिस्क मेनूपर्यंत येते आणि शर्यत लोड होताना थांबते. बाकीच्या 'डिस्क रीड एरर' दाखवतात. भाऊ गणपतीला त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन येतोय. त्या दोघांना हा गेम खेळताना बघायचंय मला.

व्हीसीडी ३१ मिनिटं व्यवस्थित चालते. मग चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि प्लेअर थांबतो. बाबा आभार मानायला उभे राहतात, बरोबर तिथेच.

घरात आणि वाडीत प्रत्येकाकडे उपाय आहे. आई म्हणते खोबरेल लाव. शेजारचे काका म्हणतात पांढरी टूथपेस्ट. चुलतबहीण केळ्याचं साल सांगते, मित्र म्हणतो फ्रीझरमध्ये ठेव. टूथपेस्ट मी सिनेमाच्या एका टाकाऊ डीव्हीडीवर करून पाहिली. आधी पाच ठिकाणी अडकायची, आता दोन ठिकाणी अडकते. म्हणजे यात काहीतरी आहे. पण एक भाग आधीपेक्षा धूसर झालाय, तो का ते कळत नाही.

कृपया ऐकीव नको. डिस्क कुठली, काय लावलं, किती वेळ घासलं, पुढे काय झालं, असं लिहा. व्हीसीडीला मी अजून बोटही लावलेलं नाही.

सोल्डर_आणि_चहा

व्हीसीडीला बोट लावलं नाहीत हे फार चांगलं केलंत. ती बाजूला ठेवा. आधी गेमच्या डिस्कवर हात बसू दे.

मी बुधवार पेठेत बावीस वर्षं दुरुस्तीचं काम करतोय. पेस्ट लावायच्या आधी डिस्क दिव्यासमोर धरा आणि छापील बाजूने आरपार बघा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला चकचकीत थर उडालाय. त्या जागी पेस्ट, केळं, खोबरेल कशाचाही उपयोग नाही.

बहुतेकांना वाटतं की माहिती खालच्या चकचकीत बाजूला असते. सीडी १.२ मिमी जाड असते आणि तिची माहिती असते वरच्या अंगाला, छापील शाईच्या अगदी खाली. वर संरक्षण म्हणून नुसता लाखेसारखा पातळ लेप. लेझर खालून येतो आणि सगळं प्लॅस्टिक ओलांडून तिथे पोचतो. म्हणून खालचा ओरखडा हा खिडकीच्या काचेवरचा ओरखडा आहे, काच घासून स्वच्छ करता येते. वरचा ओरखडा म्हणजे खोलीतलं सामानच फुटलं. लोक नेमकी डिस्क पालथी टाकतात, 'खालची बाजू जपायची' म्हणून, आणि छापील बाजू टेबलावर घासली जाते.

डीव्हीडीत ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध असते, त्यामुळे ती दोन्हीकडून जरा सुरक्षित. तुमच्या प्लेस्टेशन टूच्या चंदेरी डिस्क या डीव्हीडी. एखादी खालून निळी असेल तर ती सीडी.

ब्लू-रेचं वेगळं आहे. तिथे माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत असते आणि वर कडक लेप असतो. पेस्टने तो लेपच खराब होतो. प्लेस्टेशन थ्री आणि त्यापुढच्या ब्लू-रे डिस्कला साध्या मऊ कापडापलीकडे काहीही लावू नये.

आता पेस्ट. ती ओरखडा भरत नाही. तिच्यात दात घासण्यासाठी सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते, ती ओरखड्याच्या कडा झिजवते. तीक्ष्ण कडेवर लेझर भलतीकडे वळतो. कड गुळगुळीत झाली की तो सरळ आत जातो. म्हणून जेल चालत नाही, दाणे असलेली पेस्ट चालत नाही, पांढरी साधीच लागते. तुमची डीव्हीडी धूसर झाली कारण तुम्ही बहुधा गोल गोल घासलंत किंवा पेस्ट वाळत आल्यावर घासत राहिलात. घासायचं ते मधल्या भोकापासून काठाकडे, सरळ रेषेत.

पोफळीबाग

गोलच घासलं होतं. भांडी घासतो तसं. सरळच का, ते सांगाल का?

सोल्डर_आणि_चहा

माहिती डिस्कवर गोल फिरत जाणाऱ्या एकाच लांब रेषेत असते, आतून बाहेर. तुमचा ओरखडा त्या रेषेला आडवा गेला तर लेझरला तो एका क्षणात ओलांडता येतो. रेषेच्या दिशेनेच गेला तर बराच वेळ सलग काहीच वाचता येत नाही. सीडीच्या रचनेत चुका दुरुस्त करायची सोय मुळातच आहे, सुमारे २.५ मिमी लांबीचा सलग खड्डा ती पूर्ण भरून काढते. म्हणजे काठाकडे जाणारे शंभर बारीक ओरखडे चालतील, पण रेषेबरोबर गेलेला एक सेंटिमीटरचा ओरखडा चालणार नाही.

गाण्याची सीडी ओरखड्यासकट वाजते आणि गेम अडतो, त्याचं कारण इथेच आहे. गाण्यात एखादा तुकडा हरवला तर प्लेअर शेजारच्या आवाजावरून अंदाजाने भरतो, कानाला कळतही नाही. गेमला एकेक अक्षर जसंच्या तसं लागतं.

तापीकाठ

केळ्याबद्दल मी अधिकाराने लिहू शकतो, आमची रावेर तालुक्यात केळीची बाग आहे.

कॉलेजात असताना क्रिकेटच्या गेमच्या दोन सीड्यांवर हा प्रयोग केला होता. आधी पिकलेल्या केळ्याचा काप गोल फिरवायचा, मग सालीची आतली बाजू, मग कापडाने पुसायचं. पहिली सीडी आधी इन्स्टॉल होताना ६८ टक्क्यांवर अडकायची, नंतरही ६८ टक्क्यांवरच अडकली. दुसरी चालली. पण तिच्यावर नुसते बोटांचे ठसे आणि धूळ होती, ती ओल्या कापडानेही चालली असती असं मला तेव्हाच वाटलं. केळ्याने ओरखडा जातो असं म्हणणाऱ्यांनी आधी डिस्क नुसती धुऊन पाहिली होती का, हे विचारायला हवं. शिवाय गर सुकल्यावर चिकट पापडी राहते. उन्हाळ्याच्या दिवसांत पाठ वळताच मुंग्या लागल्या होत्या.

पोफळीबाग

तापीकाठ, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मी आज अकराच्या अकरा डिस्क कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने धुतल्या, चष्म्याच्या कापडाने मधून बाहेर पुसल्या. रीड एरर देणाऱ्या सातांपैकी तीन आता सुरू होतात. काही न लावता!

शर्यतीची डिस्क मात्र तशीच. दिव्यासमोर धरली, ठिपका एकही नाही. खाली एक लांब, वाकडा ओरखडा आहे.

आई खोबरेलाचा आग्रह सोडत नाही. आणि काका विचारतायत, पेस्टऐवजी राखुंडी चालेल का?

सोल्डर_आणि_चहा

राखुंडी, लाल दंतमंजन, भांड्याची पावडर, काहीही नको. दाणा मोठा असतो, एक ओरखडा घालवायला जाल आणि दोनशे नवे पाडाल.

आईंचं म्हणणं मात्र चुकीचं नाही. ओरखड्याच्या फटीत हवा असते आणि प्लॅस्टिकमधून हवेत जाताना प्रकाश जोरात वळतो. प्लॅस्टिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.५८ च्या आसपास, हवेचा १, खोबरेलाचा १.४५. फटीत तेल भरलं की फरक खूप कमी होतो आणि लेझर बराचसा सरळ जातो. पेट्रोलियम जेलीही हेच करते, आणि ती फटीत टिकून राहते म्हणून मी जेली पसंत करतो. थेंबभर लावायची, मग कोरड्या कापडाने इतकी पुसायची की बोट फिरवल्यावर तेलकट लागू नये. फटीत राहील तेवढीच राहू द्यायची. जास्त राहिली तर फिरताना उडून लेन्सवर बसते आणि मग सगळ्याच डिस्क अडतात. हा उपाय एकदा वाचून घेण्यापुरता आहे, रोज खेळण्यासाठी नाही.

ब्रासो, म्हणजे पितळ चमकवायचं पॉलिश, हा पेस्टचाच थोरला भाऊ. शाळेत एनसीसीचे बक्कल चमकवणाऱ्यांना आठवेल. खोल ओरखड्यावर तो पेस्टपेक्षा लवकर काम करतो, पण त्यात अमोनिया आणि द्रावक असतात, म्हणून थोडा घ्यायचा, लगेच धुवायचा आणि छापील बाजूला लागू द्यायचा नाही. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर तर घराबाहेर ठेवा. ॲसिटोनने हे प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि त्याला तडे जातात. चांगली डिस्क माझ्यासमोर पाच मिनिटांत गेलेली पाहिलीय.

एडिसनहून

इथे न्यू जर्सीत आमच्या गावच्या वाचनालयात डिस्क घासून देणारं यंत्र आहे. दिसायला छोट्या गिरणीसारखं. डिस्क फिरते, खाली पाणी आणि पॉलिशची गादी, दोन मिनिटांत डीव्हीडी नव्यासारखी बाहेर येते. मुलांच्या डीव्हीडी तिथूनच नीट करून आणतो. तत्त्व पेस्टचंच, पण दाब सगळीकडे सारखा पडतो, तो हाताने पडत नाही. ब्लू-रे तेही घेत नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम मशीनवरच्या टॉवेलच्या उपायाबद्दलही लिहितो, कारण २००८ मध्ये मी तो केलाय आणि कुणी करू नये असं मला वाटतं. समोर तीन लाल दिवे लागले की मशीन मेलं. तेव्हा सगळीकडे सांगत होते की ते टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटं चालू ठेवा, आत तापून बोर्डवरचे तुटलेले सोल्डरचे टाके जोडले जातात. मी केलं. मशीन खरंच सुरू झालं. नऊ दिवस चाललं आणि कायमचं बंद पडलं. नंतर वाचलं की शिसं नसलेलं सोल्डर वितळायला २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. टॉवेलात तेवढं होत नाही आणि झालं असतं तर घर पेटलं असतं. तापून प्रसरण पावल्याने तुटका जोड तात्पुरता टेकतो, एवढंच. मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्येच या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली होती, त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली होती. माझ्या मशीनला ती लागू होती. टॉवेलच्या नादात मी चौकशीच केली नाही.

निळी_शाई

डिस्कचं मला काही माहीत नाही, पण बाकीच्या वस्तूंबद्दल लिहिते. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटर खोलीची जबाबदारी माझ्याकडे अकरा वर्षं होती आणि दुरुस्तीला पैसे कधीच नव्हते.

कॉम्प्युटर सुरू न होता नुसता बीप बीप करायला लागला की पहिला उपाय खोडरबर. बंद करून वायर काढायची, रॅमची (मेमरीची) पट्टी बाहेर काढायची, तिचे सोनेरी दात पांढऱ्या मऊ खोडरबराने हलके घासायचे, चुरा झटकून परत घट्ट बसवायची. दर पावसाळ्यात निदान सहा मशीन मी अशीच सुरू केली आहेत. शाईचं खरखरीत रबर वापरायचं नाही, सोन्याचा मुलामा निघतो.

रिमोटचं एकच बटण चालत नसेल तर तो उघडून रबराच्या पत्र्याखाली बघा. प्रत्येक बटणाखाली काळा कार्बनचा ठिपका असतो, तो झिजलेला असतो. त्यावर मऊ पेन्सिलचं शिसं गिरवलं की काही महिने चालतं. मुळात रिमोट चालतो की नाही हे बघायला त्याचं पुढचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट उजेड दिसला तर रिमोट ठीक आहे, दोष टीव्हीत आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही तर पुढचा वापरा.

लहानपणी आम्ही कॅसेटच्या टीव्ही गेममध्ये फुंकर मारायचो, तेही सांगते. त्या वेळी प्रत्येक मूल हेच करायचं. फायदा फुंकरीचा नव्हता, कॅसेट काढून परत बसवल्याचा होता. उलट तोंडातली वाफ पितळी दातांवर बसून ते काळे पडतात. असे गेम बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीनेही फुंकू नका असंच सांगितलं होतं.

सोल्डर_आणि_चहा

ताई, रिमोटची कॅमेऱ्याची युक्ती मी गिऱ्हाइकाला दारातच करून दाखवतो. नवा घेण्याचे निम्म्या लोकांचे पैसे वाचतात.

खडकवासला

फ्रीझरला सगळे नावं ठेवतात. माझी २५० जीबीची हार्ड डिस्क टकटक आवाज करत होती. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली, सकाळी पंचवीस मिनिटं चालली आणि मी लग्नाचे फोटो काढून घेतले. हे खोटं नाही.

सोल्डर_आणि_चहा

खोटं नाहीच, मीही दोनदा पाहिलंय. थंडीने धातू आकुंचन पावतो आणि अडकलेला भाग कधी कधी सुटतो. पण बाहेर काढल्यावर आपल्या हवेत तिच्यावर दव धरतं, आतही, आणि फिरत्या तबकडीवर पाण्याचा थेंब म्हणजे शेवट. तुमची पंचवीस मिनिटं मिळाली, माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना एकही मिळालं नाही. फोटो महत्त्वाचे असतील तर ती हार्ड डिस्क बंद करून माहिती काढून देणाऱ्याकडे न्यावी. सीडीला फ्रीझरचा कसलाच उपयोग नाही, तिच्यात अडकलेलं काही नसतं.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या घरात साडेचार फूट पाणी होतं. त्या महिन्यात जे शिकलो ते इथे असायला हवं.

भिजलेली वस्तू तांदळात ठेवायची, असं सगळेच सांगतात. आम्ही दोन मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवले, एक टेबलावर पंख्याखाली ठेवला. टेबलावरचा वाचला. तांदूळ ओल ओढतो तो अगदी सावकाश, आणि त्याचं पीठ चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतं. जानेवारी २०२४ मध्ये ॲपलनेही आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं.

पुराचं पाणी म्हणजे चिखल. तो वाळला की सर्किटवर घट्ट बसतो आणि तांबं खातो. म्हणून मिक्सर, रेडिओ, सेट टॉप बॉक्स आम्ही उघडले आणि आतले बोर्ड स्वच्छ पाण्याने परत धुतले. शेजारी म्हणाले वेडे झालात. मऊ ब्रशने चिखल काढला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं, मग पाच दिवस वारा. तोवर वायर लावायची नाही, एकदाही नाही. नऊपैकी सहा वस्तू परत सुरू झाल्या. ज्या तिघांच्या आम्ही पहिल्याच दिवशी 'चालतंय का बघू' म्हणून बटण दाबलं होतं, त्याच गेल्या. टीव्ही मात्र स्वतः उघडू नका, बंद असतानाही आत झटका देणारा विजेचा साठा असतो.

सीड्यांनाही तेच. चिखल कोरडा पुसायचा नाही, तो सॅण्डपेपर होतो. बादलीत बुडवून हलवायच्या.

पोफळीबाग

कृष्णाकाठ, आमच्याकडे चिपळूणला २०२१ च्या जुलैत हेच झालं. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर आत्याचा टेपरेकॉर्डर वाचला असता.

शर्यतीच्या डिस्कचं सांगतो. काल रात्री पांढरी पेस्ट, पाण्याने पातळ केलेली, मधून काठाकडे, फक्त ओरखड्याच्या पट्ट्यावर दहा मिनिटं. धुतली, वाळवली. शर्यत ९० टक्के लोड होऊन थांबली. परत दहा मिनिटं. या वेळी लोड झाली! पण दुसऱ्या ट्रॅकवर पुन्हा अडकते. आणि आता चांगल्या डिस्कपैकी एक पण कधी चालते कधी नाही.

सोल्डर_आणि_चहा

चांगली डिस्क अडखळते म्हणजे दोष डिस्कचा नाही. लेन्स वीस वर्षांची आहे. वायर काढा, ट्रे उघडा, वरचं झाकण काढा. काडीवर कापूस, त्यावर अल्कोहोलचा एक थेंब, लेन्सवर हलकेच फिरवा. दाबू नका, ती बारीक तारांवर तरंगते. सुकू द्या.

तेवढ्याने झालं नाही तर जाड्या मॉडेलमध्ये लेझरच्या रुळाशेजारी छोटं पांढरं दातेरी चाक दिसेल. त्याने लेझरचा तोल बदलतो. आधी त्याच्या मूळ जागी पेनने खूण करा, मग एक-दोन दात फिरवा आणि डिस्क लावून बघा. झाकण उघडं असताना मशीन चालू करायचं नाही, लेझर डोळ्याला दिसत नसला तरी इजा करतो.

पहिल्या प्लेस्टेशनच्या काळी लोक मशीन उलटं करून चालवायचे, आठवतंय का कुणाला? आतला प्लॅस्टिकचा रूळ तापून झिजायचा आणि लेन्स कलायची. उलटं केलं की ती दुसऱ्या बाजूला टेकायची. वेडगळ वाटणारा, पण पूर्ण बरोबर उपाय होता तो.

पोफळीबाग

लेन्स पुसली. पांढरं चाक दोन दात फिरवलं. पाचही ट्रॅक लोड झाले. भाऊ आणि पुतण्या काल आले आणि रात्री साडेबारापर्यंत खेळत होते. मेमरी कार्डवर २००६ मधला आमचा सेव्ह अजून आहे, त्यात भावाची सर्वांत चांगली वेळ आहे आणि पुतण्याने ती मोडायचं ठरवलंय. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आता व्हीसीडी. नीट पाहिली. खाली ओरखडे जवळजवळ नाहीत. वर कागदी गोल स्टिकर आहे, 'एकसष्टी समारंभ' असं हाताने लिहिलेलं. त्याची एक कड उचलली गेलीय.

सोल्डर_आणि_चहा

तो स्टिकर काढू नका. सुटलेला भागही ओढू नका. त्याच्यासोबत चकचकीत थर निघून येतो आणि मग कुणाच्याच हातात काही राहत नाही. पेस्ट तर अजिबात नको, दोष त्या बाजूला नाहीच. ही कॉम्प्युटरवर लिहिलेली सीडी आहे, तिच्यातला रंग उन्हाने उडतो, म्हणून उन्हातही नको.

कड उचलली की डिस्क वेगात फिरताना थरथरते. घरच्या प्लेअरमध्ये चालवणं थांबवा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये वेग ४ एक्सवर (सीडीच्या मूळ वेगाच्या चौपट) आणा. डिस्कवरच्या एमपीईजीएव्ही (MPEGAV) फोल्डरमधली व्हिडिओची डॅट (.DAT) फाइल नुसती कॉपी करू नका, एक खराब जागा आली की विंडोज सगळंच सोडून देतं. आयसोबस्टर नावाच्या सॉफ्टवेअरने काढा, ते खराब जागा सोडून पुढे जातं. व्हीसीडीत चित्रासाठी जागा वाचवायला जास्तीची दुरुस्तीची माहिती काढून टाकलेली असते, म्हणून थोडे चौकोन येणारच.

पोफळीबाग

भावाच्या लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह लावून काल केलं. चार तास लागले. ५२ मिनिटांपैकी ४८ मिनिटं आली. बाबा उभे राहतात, आजीचं नाव घेतात, आणि मग साधारण चार मिनिटं नाहीत. शेवटचं वाक्य आहे, हार घालताना सगळे हसतात ते आहे. आई दोनदा बघून उठून आत गेली.

कुणाकडे जुना, डेस्कटॉपचा सीडी रायटर आहे का? बारीक लॅपटॉप ड्राइव्हपेक्षा तो चांगलं वाचतो असं वाचलं.

सोल्डर_आणि_चहा

प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, म्हणून मी जुने टाकत नाही. माझ्याकडे सहा आहेत, त्यात दोन २००३ चे रायटर. विसर्जनानंतर पुण्याला येणं झालं तर डिस्क घेऊन या. सहाही ड्राइव्हमधून एकेकदा वाचू आणि ज्याला जो तुकडा मिळेल तो जोडू. पैशांचं बोलू नका.

येताना कडक डबीत आणा, पाकिटात नको. वर काही ठेवू नका. आणि तोवर परत लावून बघू नका.

पोफळीबाग

सतरा तारखेला येतो. आईपण येते म्हणतेय.